अकरा ते सातची ड्यूटी

वजनकाट्यावर चढण्याआधी उकंडरावांनी चपला काढल्या. मग खिशातला मोबाइल गीताबाईंच्या हातात दिला, किल्ल्या दिल्या, शेवटी चष्माही काढून दिला. तरी काट्यावर एकशे बारा आलं.

"अजून काही काढायचं राहिलं का, काका?" डॉक्टरीणबाईंनी हसत विचारलं.

बुलढाण्यातल्या त्या दवाखान्यात ते गुडघ्यांसाठी आले होते. जिना चढवत नव्हता. खाली बसलं तर उठवत नव्हतं. आणि ज्या एसटीवर ड्रायव्हर म्हणून चौतीस वर्षं काढली, तिच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायलाही आता कुणाचा तरी हात लागत होता. रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती आणि त्या पाच वर्षांत पोट तेवढं वाढत गेलं होतं.

"दोन्ही गुडघे झिजलेत," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन होईल, पण या वजनावर नको. आधी पंधरा किलो उतरवा."

"बाई, सत्तर माणसं भरून राजूरचा घाट चढवला म्या."

"मग हे पंधरा किलो घाटावरून खाली उतरवा. उतार तर सोपा असतो ना?"

उकंडरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. उतार सोपा असतो असं फक्त गाडी न चालवणारी माणसं म्हणतात.

बाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले. साखर नव्हती, रक्तदाबाची एक गोळी चालू होती, तिची वेळ त्यांनी बदलून दिली. मग सगळं समजावून सांगितलं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, या आठ तासांतच जेवायचं. उरलेले सोळा तास पाणी आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा. चक्कर आली किंवा हातपाय थरथरले तर घड्याळ न बघता लगेच खायचं, हट्ट करायचा नाही. दवाखान्याला विचारल्याशिवाय त्यात काही बदल करायचा नाही.

"आणि एकट्यानं करू नका," त्या म्हणाल्या. "एकटी माणसं पंधरा दिवसांत सोडून देतात."

घरी आल्यावर उकंडरावांनी पहिला फोन रज्जाकला लावला. रज्जाक कंडक्टर. चिखली, मेहकर, दुसरबीडवरून सिंदखेडराजाला जाणाऱ्या गाडीवर दोघांनी सलग चौदा वर्षं जोडीनं काढली होती. उंच, काटकुळा, वागायला टापटीप. आता दोन गल्ल्या सोडून राहायचा.

"रज्जाक, डॉक्टरीणबाईनं मले उपाशी ठेवलं बे."

"किती दिस?"

"रोज. संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत."

पलीकडे रज्जाकनं तास मोजलेले ऐकू आले. मग रज्जाक म्हणाला, "म्हणजे अकरा ते सात ड्यूटी. बाकी टाइम गाडी डेपोत."

"हाव. पण डेपोत राह्यलं पायजे ना गाडीनं."

"मी आहो ना. चौदा वर्षं तुह्या मागं घंटी वाजवत उभा राह्यलो, आता कुठं जाईन? उद्यापासून मी बी तेच करतो. सकाळी सहाले मैदानावर येजो, फिरू."

पहिला आठवडा वाईट गेला. सकाळचं एक वेळ निभत होतं. मैदानाला एक फेरी मारायची, मग दगडी पायऱ्यांवर बसायचं, मग दुसरी फेरी. पण संध्याकाळी आठ वाजले की उकंडरावांना घरात थांबवेना. शेजारच्या घरातून फोडणीचा वास यायचा. टीव्हीवर कुणी पाणीपुरी जरी खाल्ली तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. ते उठून फ्रिज उघडायचे, आतल्या दिव्याकडे बघायचे आणि बंद करायचे.

नेमका आठ वाजता रज्जाकचा फोन यायचा.

"बोल, कुठवर आली गाडी?"

आणि दोघं निघायचे. बुलढाण्याच्या स्टँडमधून सुटायचे, चिखलीत कॉलेजची पोरं चढवायचे, मेहकरला पार्सलं उतरवायचे. एकदा सुलतानपूरला एका म्हातारीनं बकरीचं पिल्लू शालीत गुंडाळून तान्हं बाळ म्हणून गाडीत आणलं होतं आणि रज्जाकनं 'बाळाचं' तोंड पाहायला शाल उघडली होती. एकदा बिबीजवळ नवरदेवच गाडीत राहिला आणि वऱ्हाड खाली उतरलं होतं. बोलता बोलता नऊ वाजायचे. भूक एकदा डोकं वर काढायची आणि गप्पांमध्ये दबून जायची.

अडचण एकच होती. कुठलीही आठवण काढली तरी ती शेवटी हॉटेलात जाऊन थांबायची.

"तो मेहकरचा राडा आठवते का? दोन पैलवान भांडले तो?"

"आठवते ना. म्या तवा गरम आलूबोंडा हातात धरला होता. वरून हिरवी मिरची..."

"बस! हॉटेलले थांबा नाही," रज्जाक ओरडायचा. "आपली गाडी जलद आहे. सीधी चाल."

दुसरबीडचं नाव तर रज्जाकनं बंदच करून टाकलं. तिथं महादेवरावांचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे लिंबाचं झाड, दोन लांब बाकडी आणि काळी कुळकुळीत कढई. चौतीस वर्षांत किती वेळा तिथे गाडी लावली याचा हिशेब उकंडरावांनाही सांगता आला नसता. तिथली मिरचीची भजी वर्तमानपत्राच्या कागदावर यायची, कागद तेलानं पारदर्शक व्हायचा आणि मागच्या बाजूची बातमी वाचता यायची.

रिटायर झालेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, 'जुना स्टाफ'. रज्जाकनं तिथे जाहीरच करून टाकलं की दर रविवारी उकंडभाऊ आपलं वजन टाकणार. पहिल्या रविवारी एकशे बारा. दुसऱ्या रविवारी एकशे अकरा. वर्कशॉपमधला अविनाश मेकॅनिक म्हणाला, "इंजिन हलकं होऊन राह्यलं." कुणी हार पाठवला, कुणी फटाके पाठवले. उकंडराव ते पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. नोकरीत विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला तेव्हाही इतक्या लोकांनी विचारपूस केली नव्हती.

घरात दुसरंच काही घडत होतं. सकाळी अकराला आणि संध्याकाळी साडेसहाला गीताबाई दोन ताटं वाढून त्यांच्याबरोबर जेवायला बसू लागल्या. मुलगा प्रेम पुण्याला नोकरीला, घरात ही दोघंच. अडतीस वर्षांच्या संसारात असं समोरासमोर बसून रोज जेवणं पहिल्यांदाच होत होतं. उकंडराव बघत राहायचे. गीताबाई भाकरीचा पापुद्रा आधी वेगळा करून खातात. ठेच्याला बोट लावून बघतात आणि मगच तेल घेतात. आणि भाजीतलं वांगं बाजूला सारून नुसता रस्सा खातात.

"वांगं काऊन काढून ठेवलं?"

"मले नाही आवडत."

"कवापासून?"

"लहानपणापासून," गीताबाई म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.

उकंडरावांना वांग्याची भाजी जिवापाड आवडायची. घरात आठवड्यातून तीनदा व्हायची. त्या दिवसापासून त्यांनी बाजारातून वांगी आणणं कमी केलं.

मग रमजान आला. रज्जाक रोजे धरायचा, पण सकाळचं फिरणं सोडलं नाही. उकंडराव खिशातली पाण्याची बाटली काढायला संकोचायचे.

"पे ना बे," रज्जाक म्हणायचा. "तुह्या पिण्यानं माहा रोजा नाही मोडत."

संध्याकाळी रोजा सोडायची मगरिबची अजान साडेसहाच्या पुढे व्हायची, म्हणजे सातला उकंडरावांचं खाणं बंद व्हायच्या आधी. मग बरेच दिवस असं झालं की उकंडराव आणि गीताबाई रज्जाककडेच जायचे. रज्जाकची बायको नसीमा दस्तरखान अंथरायची. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांद्याची भजी. उकंडरावांसाठी ती मुद्दाम उकडलेले हरभरे आणि काकडी वेगळी काढून ठेवायची. अजानची वाट बघत सगळे गप्प बसायचे आणि उकंडरावांना त्या शांततेची जुनी ओळख वाटायची.

नोकरीत असताना रमजानमध्ये परतीची फेरी सूर्य मावळताना बिबीच्या पुढे असायची. रज्जाक पुढे येऊन केबिनजवळ उभा राहायचा. उकंडराव आरशातून त्याचा सुकलेला चेहरा बघायचे आणि एका शेताच्या कडेला गाडी उभी करायचे. "दोन मिनिटं," असं मागे ओरडून सांगायचे. गाडीत एकदम हालचाल व्हायची. कुणी पाण्याचा तांब्या पुढे करायचं, कुणी केळं, कुणी पिशवीतली फुटाण्यांची पुडी. एकदा एका शेतकऱ्यानं शेजारच्या वावरातून हरभऱ्याचे ढाळे उपटून आणले होते. उशीर झाला म्हणून कधीच कुणी कुरकुर केली नाही.

"तशी गाडी आता नाही भेटत," नसीमाच्या ओसरीवर उकंडराव म्हणाले.

"गाडी तेच आहे," रज्जाक म्हणाला. "आपण उतरलो."

ईदपर्यंत काटा एकशे चारवर आला आणि तिथेच अडला. एप्रिल उजाडला तरी एकशे चार. तीन रविवार तोच आकडा. पहिल्या रविवारी ग्रुपवर लोक म्हणाले, होते असं. दुसऱ्या रविवारी अविनाशनं लिहिलं, "गिअर अडकला का?" तिसऱ्या रविवारी कुणीतरी घाटात बंद पडलेल्या गाडीचं चित्र टाकलं. गंमतच होती ती, पण उकंडरावांना लागली. त्यांनी दवाखान्यात विचारलं नाही, रज्जाकला विचारलं नाही. मनाशीच ठरवलं की आठ तास जास्त होतात, दिवसातून एकदाच खायचं. पुढे तेही कमी केलं.

गीताबाईंना म्हणाले, "रज्जाककडे जेवतो दोन-चार दिस. तू माही वाट नको पाहू." आणि संध्याकाळी साडेसहाला घराबाहेर पडून बसस्टँडवर जाऊन बसायचे. गाड्या येताना-जाताना बघायचे. सव्वासातला घरी परतायचे. सकाळच्या ताटातही जेमतेम चतकोर भाकर खायचे आणि पोट भरलं म्हणायचे.

चौथ्या दिवशी सकाळी मैदानावर दुसरी फेरी चालू असताना त्यांच्या डोळ्यांपुढे पिवळं आलं. सात वाजताच ऊन तापलं होतं. त्यांनी रज्जाकच्या खांद्याकडे हात केला, पण खांदा सापडला नाही. ते पायऱ्यांजवळ गुडघ्यांवर कोसळले आणि मग कुशीवर.

रज्जाकनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मैदानावर फिरणारी पुष्पांजली नावाची एक शिक्षिका धावत आली, तिनं पर्समधली गोळ्या-चॉकलेटं काढून त्यांच्या तोंडात घातली. रिक्षा आली. दवाखान्यात सलाईन लावलं गेलं आणि दुपारपर्यंत उकंडराव उठून बसले. डॉक्टरीणबाई रागावल्या. उपाशी राहून रक्तदाबाची गोळी घेणं म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि आठ दिवस नेहमीसारखं तीन वेळा जेवायला बजावलं.

रज्जाक बाई जाईपर्यंत थांबला. मग खाटेजवळ आला.

"कधीपासून?"

"चार दिस."

"चार दिस! अन् मले सांगतलं नाही?"

"वजन हलून नव्हतं राह्यलं बे. सारे हसून राह्यले..."

"हसू दे! कोण हसते तं हसू दे!" रज्जाकनं खाटेच्या दांड्यावर हात आपटला. "चौदा वर्षांत कवा घंटी नसताना गाडी हलवली का तू? एक डाव तरी? मागं माणूस चढून राह्यला का उतरून राह्यला, तुले दिसत नव्हतं, म्हणून माह्या घंटीवर भरोसा ठेवला ना? मंग आता काऊन नाही ठेवला?"

रज्जाकनं तोंड फिरवलं, खिशातला रुमाल काढला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी घरी आल्यावर नसीमा मुगाची खिचडी घेऊन आली. त्या थापेबद्दल तिला काही माहीत नव्हतं. सहज म्हणाली, "भाभी, मी म्हणली, ईदपासून हे आमच्याकडे जेवाले आलेच नाही, आज खिचडी तरी द्याव."

गीताबाईंनी उकंडरावांकडे पाहिलं. नसीमा गेल्यावर त्या खिचडी वाढायला स्वयंपाकघरात गेल्या आणि उकंडराव भिंतीला धरून त्यांच्या मागे गेले. ओट्यावर कालचं ताट झाकून ठेवलेलं होतं. दोन भाकरी, वाळून कडक झालेल्या. भाजीला हात लागलेला नव्हता.

"तू काल जेवली नाही?"

"जेवली असती. मन नाही झालं."

"अन् परवा?"

गीताबाई ताट उचलून बाजूला ठेवायला लागल्या. "जुनी सवय आहे. तुम्ही बाहेर खाल्लं म्हणता, तं माही भूक मरते."

"जुनी म्हणजे कवाची?"

त्या खाली पाटावर बसल्या. गुडघे दुखत असल्यानं उकंडराव खुर्ची ओढून बसले. गीताबाईंनी जे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नव्हतं. गावातल्या एखाद्या जुन्या घराबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या.

"आपण तवा स्टँडाच्या मागं राहत होतो. प्रेम निजून जाये. मी रेडिओ लावून बसो. तुमची गाडी स्टँडात वळली की गिअर बदलल्याचा आवाज येये. बाकीच्या गाड्यांचा वेगळा, तुमचा वेगळा. मले बरोबर समजे. मी लगेच तवा ठेवत होती. तुम्ही हातपाय धुऊन येता येता पह्यली भाकर फुगत होती."

"अन् मी काय म्हणो?"

"तुम्ही म्हणत होते, दुसरबीडले खाल्लं."

"रोज?"

"रोज कशाचं? कवा कवा जेवत बी होते. पण कवा जेवान अन् कवा नाही, ते मले कसं समजाव? म्हणून रोजच थांबत होती. तुम्ही नाही जेवले तं मंग एकटीले घास नव्हता उतरत. गूळ खाऊन पाणी पेत होती. सकाळी तेच भाकर कुस्करून खात होती, अकरा-बारा वाजता." त्या थोडं हसल्या. "तुमचे सोळा तास डॉक्टरीणबाईनं आता शोधले."

"सांगतलं काऊन नाही कवा?"

"तुम्ही थकून येत होते. अन् खरं सांगू का? मले ते थांबणं आवडत होतं. तो आवाज आला की बरं वाटे. आता रिटायर झाल्यावर कोन्या गाडीचा आवाज ऐकाव?"

उकंडरावांनी उठून एक ताट काढलं, त्यात अर्धी खिचडी स्वतःच्या हातानं वाढली आणि गीताबाईंच्या पुढे सरकवली. चमचा द्यायचा राहिला. तो त्यांना कुठे असतो हेच माहीत नव्हतं. गीताबाईंनी बसल्या बसल्याच बोटानं डबा दाखवला.

"आता बाहेर खाल्लं असं मी नाही म्हणणार," ते म्हणाले.

"बाहेर खा ना. पण खाल्लं नसंन तं खाल्लं म्हणू नका."

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच अकरा ते सात सुरू करायला परवानगी दिली. आता वेगळं होतं ते इतकंच की दर रविवारी वजन टाकणं रज्जाकनं बंद केलं. महिन्यातून एकदा टाकायचं, तेही दवाखान्यातलं. त्यानं ग्रुपवर लिहिलं, "डायव्हरले त्रास देणारानं पुढच्या स्टॉपवर उतरून जावं." अविनाश दुसऱ्याच दिवशी घरी आला, खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि जाताना उकंडरावांच्या पायाला हात लावून गेला. वजनही हळूहळू हललं. जूनमध्ये एकशे एक. पोळ्याच्या सुमारास नव्याण्णव. दोन आकडी वजन उकंडरावांनी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

पोळा झाल्यावर दुसरबीडहून महादेवरावांचा फोन आला. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांबच्या गाड्या तिकडून जायला लागल्या होत्या, गिऱ्हाईक तुटलं होतं आणि त्यांचंही वय झालं होतं. हॉटेल बंद करून ते मुलाकडे जाणार होते. त्याआधी जुन्या स्टाफनं एकदा दुपारचं जेवायला यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाकीच्यांनी जीप केली. उकंडराव म्हणाले, "मी एसटीनं जाईन. अन् गीता येईन."

"मी काय करू तिथं इतक्या गड्यांमंधी?" गीताबाई म्हणाल्या.

"इतकी वर्षं मी जिथं जेवलो ते तू पाह्यलंच नाही."

शेवटी नसीमाही निघाली आणि चौघं सकाळच्या गाडीला स्टँडवर हजर झाले. उकंडरावांनी दाराचा दांडा धरला आणि एकेक पायरी करत वर चढले. मागे रज्जाक दोन्ही हात पसरून उभा होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं मशीनमधून तिकिटं काढली तेव्हा रज्जाक त्या कागदाकडे बघून म्हणाला, "आमच्या टायमाले तिकिटाले भोक पाडत होतो, बेटा. त्याचा ठिकठिक आवाज आला की झोपलेला माणूस बी खिशात हात घाले."

गीताबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे होते. उकंडराव सांगत होते आणि त्या बघत होत्या. इथे रस्ता आधी एकेरी होता. या वळणावर रात्री कोल्हे दिसायचे. या वडाखाली रेडिएटरला पाणी मिळायचं. मेहकर गेलं, सुलतानपूर गेलं. एवढी वर्षं ही सगळी गावं गीताबाईंनी फक्त नावानं ऐकली होती, ती आता एकामागून एक खरी होत चालली होती.

महादेवराव लिंबाखाली उभे होते. पाठ वाकलेली, पण कढई त्यांनीच तापवली होती. ते पुढे आले, उकंडरावांना मिठी मारली आणि मग गीताबाईंकडे बघत थांबले.

"ह्या?"

"माही मालकीण. गीता."

महादेवरावांनी एकदम हात जोडले. "वहिनी! तुमच्या हातची जवसाची चटणी मी किती वर्षं खाल्ली."

गीताबाईंना काही कळेना. उकंडरावांचा चेहरा मात्र उतरला. महादेवराव आपल्याच नादात सांगत होते. "उकंडभाऊ इथं आले की भज्यावर तुटून पडत होते. डबा माह्यापुढं ठेवत होते, म्हणत होते, महादेवा, हे तू खा. माही बायको लवकर गेली, वहिनी. पोरगा लहान होता. सात-आठ वर्षं आम्ही दोघं बापलेक तुमच्या डब्यावर जेवलो म्हटलं तरी चालते. पोरगा तं गाडीची वाट पाहत रस्त्यावर उभा राहत होता. मेथीची भाजी असली की मले उरू देत नव्हता."

रज्जाक जमिनीकडे बघत होता. त्याला हे माहीत होतं हे उघड होतं. गीताबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"मी म्हणो, डबा घासल्यासारखा चाटूनपुसून येते. ह्यायले माह्या हातचं भलतंच आवडते."

"आवडत होतं ना," उकंडराव पुटपुटले. "पण गरम भजे समोर असले की..."

त्यांना वाटलं ती आता रागावेल आणि तिनं रागवावं असंही वाटलं. पण गीताबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, हसता हसता बाकड्यावर बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. नसीमा त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. थोड्या वेळानं त्यांनी महादेवरावांना विचारलं, "पोराले मेथी आवडत होती?"

"हाव. आताबी म्हणते कवा कवा, तशी मेथी कुठंच नाही भेटली."

"लसूण जास्त टाकत होती मी. ह्यायले नव्हता चालत, तरी टाकत होती."

महादेवरावांनी पहिला घाणा काढला आणि सगळ्यांच्या आधी गीताबाईंपुढे ठेवला, वर्तमानपत्राच्या कागदावर, बाजूला तळलेली मिरची आणि कांदा. त्यांनी एक भजं फुंकर मारून खाल्लं. दुसरं खाल्लं. आजूबाजूला पंधरा-वीस रिटायर झालेली माणसं हातातला घास थांबवून त्यांच्याकडे बघत होती.

"मस्त झाले," त्या म्हणाल्या. "आता समजलं, माही भाकर काऊन मागं राहत होती."

उकंडरावांनी त्या दिवशी सहा भजी खाल्ली आणि ज्वारीची भाकर, झुणका पोटभर खाल्ला. अविनाशनं सातवं पुढे केलं, तेव्हा रज्जाकनं नुसतं बघितलं आणि अविनाशनं ते स्वतःच खाल्लं. साडेतीन वाजता निरोप झाला. महादेवरावांनी मुलाचा नंबर एका कागदावर लिहून गीताबाईंच्या हातात दिला. "त्याले एक डाव फोन करजा, वहिनी. तुम्ही कोण ते सांगजा."

परतीच्या गाडीत गीताबाईंनी तो नंबर लावला. गाडीच्या खडखडाटात त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. पलीकडून पस्तिशीतला माणूस बोलत होता. आधी त्याला काही समजेना, मग ओळख पटली आणि तो इतकं बोलू लागला की चिखलीचा स्टँड येऊन गेला तरी फोन चालूच होता. कुठल्या डब्यात काय असायचं हे त्याला आठवत होतं. उकंडराव शेजारी बसून एकाच बाजूचं ऐकत होते. "हो का?... तुले आठवते ते?... अरे, ते तिळाचं होतं, शेंगदाण्याचं नाही..."

फोन ठेवून गीताबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ऊन उतरत होतं.

"मलकापूरची गाडी किती वर्षं चालवली तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"ती बी दाखवा मले एकदा. घाटातून जाते म्हणता ना?"

"मंग रोहिणखेडले बी जाऊ," पुढच्या सीटवरून नसीमा वळून म्हणाली. "माहं माहेर आहे, भाभी. माही माय अजून चुलीवर रोटी करते."

"किती वाजता जेवण राहते तिथं?" उकंडरावांनी विचारलं.

"तुम्ही म्हणान तवा."

"साऱ्यायनं संग बसायचं मंग," उकंडराव म्हणाले आणि रज्जाकच्या खांद्यावर थाप मारून त्याला पुढच्या आठवड्यातला वार ठरवायला लावला.